मुलगा एक, वय बारा

अमेरिकेत बाळं सांभाळायच्या कामासाठी मला सहा घरी दाखवून आणलं, आणि सहाही ठिकाणी मला माझे कांदेपोहे आठवले. तसंच सोफ्याच्या कडेला टेकायचं, विचारतील तेवढंच बोलायचं, आणि उठताना समोरच्यांच्या चेहऱ्यावरून निकाल ओळखायचा. फरक एवढाच, की लग्नाच्या बाजारात उभी केली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि आता एकेचाळीस. तेव्हा आई-वडील पडलेले चेहरे घेऊन आत जायचे, आता भाऊ गाडीची किल्ली खुळखुळवत बाहेर जायचा.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान, इंजिनिअर, फ्रीमाँटला राहायचा. त्यानंच मला कागदपत्रं करून मिरजेहून बोलावून घेतलं होतं. बोलावलं तेव्हा त्याची दोन्ही मुलं लहान होती आणि वहिनी नोकरीला लागली होती, हे मी सांगायला नको. तीन वर्षं मी ती मुलं वाढवली. मग ती शाळेत जायला लागली, माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागली, आणि घरात माझं काम उरलं नाही. त्यातच वहिनीचे आई-वडील एप्रिलमध्ये येणार असं ठरलं. टाउनहाऊसमध्ये खोल्या तीन. हिशोब मला करता येत होता, पण वहिनीनं तो जेवताना मोठ्यानं करून दाखवला.

भाऊ म्हणाला, "ताई, तोवर कुठे राहून करायचं काम मिळतंय का बघू. नाहीतर मग तिकीट काढू. काही दिवस मिरजेला राहा, मग बघू."

मग बघू म्हणजे काय ते मला कळत होतं. वर्षभर अमेरिकेबाहेर राहिलं की ग्रीन कार्ड गेलंच, आणि मिरजेत माझं काही उरलं नव्हतं. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं सात वर्षांनी दुसरी आणली, तेव्हा मी माहेरी परतले होते. बालवाडीत नोकरी धरली आणि एक खोली भाड्यानं घेतली होती. इकडे येताना नोकरीचा राजीनामा दिला आणि खोलीची किल्ली मालकाच्या हातात ठेवली. चाळिशी उलटलेल्या बाईला दोन्ही गोष्टी पुन्हा कोण देतो? मला अमेरिकेचं कौतुक नव्हतं. पण कोणाच्या तरी सोफ्यावर झोपून म्हातारं व्हायचं नव्हतं, आणि ते टाळायला मला एकच विद्या येत होती.

ती विद्या म्हणजे तान्ह्या बाळाला न्हाऊ घालणं. मिरजेत आमच्या गल्लीतली पंधरा-वीस बाळं माझ्या पायांवर मोठी झाली. पाय लांब करून बसायचं, बाळ पालथं घ्यायचं, तेल जिरवायचं, डाळीच्या पिठानं अंग चोळायचं, आणि पाणी असं ओतायचं की नाकात थेंब जाता कामा नये. रडकं पोर माझ्या हातात आलं की गप्प व्हायचं. बायका स्वतःहून बोलवायला यायच्या. मात्र त्याच घरी बारसं असलं की मला पाळण्याजवळ कोणी बोलवत नसे. न्हाऊ घालायला माझे हात चालायचे, पण बाळाला पाळण्यात घालायला लेकुरवाळी लागायची. मी तशी तोंडाळ म्हणून प्रसिद्ध, पण यावर कधी तोंड उघडलं नाही. बारशाच्या दिवशी मी डोकं दुखतंय म्हणून घरी बसायचे.

पहिल्या घरी त्यांना गाडी चालवणारी बाई हवी होती. दुसऱ्या घरी गोऱ्या बाईनं आधीच्या मालकांची पत्रं मागितली. मी म्हटलं, मालक कोणी नव्हते, शेजारी होते. तिनं छान हसून दार लावलं. तिसऱ्या घरच्या नवरा-बायकोंनी विचारलं, बाळ रात्री रडलं तर तुम्ही काय कराल? मी म्हटलं, उचलीन. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या मते ते रडू द्यायचं असतं, त्यानं मूल स्वतंत्र होतं. दीड महिन्याचं पोर स्वतंत्र होऊन करणार काय, असं मी विचारणार होते, पण भावानं मध्येच थँक्यू म्हटलं. चौथ्या घरचं काही आठवत नाही, त्यांचा कुत्रा तेवढा आठवतो.

पाचवं घर क्युपर्टिनोतलं आणि आपल्यातलं. सून भरल्या दिवसांची, घर मोठं, खाली मला स्वतंत्र खोली. मी न्हाऊ घालण्याचं सांगितलं तशी सासू खूश झाली. चहा आला, चकली आली. मग तिनं सहज विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

मी म्हटलं, "नाहीत."

चहा संपेपर्यंत सगळे हवेबद्दल बोलले. निघताना म्हणाल्या, "कळवतो हं." पुढच्या आठवड्यात वहिनी कुठल्याशा हळदीकुंकवाहून आली आणि पर्स ठेवता ठेवता म्हणाली, "ताई, त्यांना ना, स्वतःचं मूल असलेली बाई हवी होती. म्हणजे त्यांचं तसं काही नाही हं. पण एक्स्पीरिअन्स लागतो ना यार, असं त्या म्हणत होत्या."

मला इतका राग आला, की मी सिंकमध्ये पडलेलं एकच पातेलं तीनदा घासलं. सात समुद्र ओलांडले तरी माझं वांझपण माझ्यामागोमाग त्या घरी पोहोचलं होतं.

सहाव्या घरचा पत्ता मला देशी किराण्याच्या दुकानातल्या फळ्यावर मिळाला. फोन मी केला आणि वहिनीला काही बोलले नाही. भावानं दाराशी सोडलं, तो गाडीतच बसून राहिला. घरची सून डॉक्टर होती, मूळची नागपूरची. दीड महिन्यांपूर्वी बाळंत झालेली, आणि सोमवारपासून तिला हॉस्पिटलमध्ये हजर व्हायचं होतं. नवरा कॉम्प्युटरमध्ये. पुण्याहून तिची सासू आली होती, पण तिचे व्हिसाचे दिवस संपत आले होते. पासष्टीची, ठेंगणी, स्वच्छ बोलणारी बाई. तिनं पाचव्या मिनिटाला तोच प्रश्न विचारला.

"एक," मी म्हटलं. "मुलगा."

"केवढा?"

"बारा वर्षांचा."

कुठून आलं तोंडात? खरं तर विचार करायला वेळच नव्हता. माझ्या शेजारणीचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. तिला बाळंतपणात ताप भरला होता, म्हणून पंधराव्या दिवसापासून तो माझ्याच पायांवर न्हायला. त्याची टाळू, त्याच्या डाव्या कानामागचा तीळ, दूध प्यायल्यावर उचकी लागायची ती, सगळं मला पाठ होतं. खोटं बोलताना माणूस अडखळतो म्हणतात. मी अडखळले नाही, कारण एक शब्द सोडला तर मी खोटं काहीच सांगत नव्हते. शेजारीण सांभाळते त्याला, अगदी बहिणीसारखी आहे, एवढं पुढं जोडलं.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मुलाला ठेवून आलात! परिस्थिती माणसाला काय काय करायला लावते." आणि त्यांनी नात उचलून माझ्या मांडीवर ठेवली.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. काम मिळालं, राहायला खोली मिळाली, आणि ती मुलगी मिळाली. टबात बुटकं स्टूल टाकून मी पाय लांब करून बसायचे. पहिल्या दिवशी डॉक्टरीण दारात उभी राहून बघत होती आणि म्हणाली, "मावशी, तोंड खाली आहे तिचं, केअरफुल हं." सासूबाईंनी तिला हाताला धरून बाहेर नेलं. न्हाऊन झाल्यावर मुलगी चार तास झोपली. डॉक्टरीण म्हणाली, "मला तू म्हणा मावशी, तुम्ही-आम्ही नको." मला रडू यायला लागलं. पुढचे काही आठवडे मी जितकी सुखात होते तितकी आयुष्यात कधी नव्हते, आणि हे लिहिताना मला त्याचाही राग येतो.

सासूबाई परत जायला निघाल्या तेव्हा हात दाखवून अवलक्षण झालं. त्या काळी कोणी भारतात निघालं की ओळखीची चार माणसं आपापली पुडकी घेऊन दाराशी यायची. कोणाच्या बॅगेत जागा आहे याची बातमी सगळ्यात आधी पसरायची. सासूबाईंनी मी मागायच्या आत जागा देऊ केली. "तुमच्या मुलाला काय पाठवायचं ते आणा. पुण्याहून मिरजेला पाठवायची जबाबदारी माझी."

मी म्हटलं, नको, तुम्हाला कशाला ओझं. त्या ऐकेनात. आईचं मन आम्हाला कळत नाही का, म्हणाल्या. शनिवारी त्यांच्या मुलानं आम्हा दोघींना मॉलमध्ये नेऊन सोडलं. त्यांनी ठरवूनच टाकलं होतं, बूट घ्यायचे. खेळायचे, पांढरे, बाजूनं निळ्या पट्ट्यांचे.

"बुटाचा नंबर काय त्याचा?"

मला काय माहीत? मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि अनवाणी हुंदडत होता. विक्रेती मुलगी वाट बघत उभी. मी हात पुढे करून एक वीत आणि चार बोटं दाखवली, मग जरा विचार करून पाचवं बोट उघडलं. ती हसली आणि तीन खोकी घेऊन आली. प्रत्येक बूट मी वितीनं मापला. सासूबाई शेजारी बसून म्हणाल्या, "मुलं वाढतात हो, आपण डोळ्यांसमोर नसलो तरी वाढतात." मी मान खाली घालून रडले, अगदी हमसून. खोट्या मुलाच्या बुटांसाठी इतकं खरं रडू कुठून आलं, देव जाणे. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पैसे मला देऊ दिले नाहीत.

त्याच दिवशी मी शेजारणीला पत्र टाकलं. बूट येतील, ते तुझ्या पोराला. कोणी काही विचारलं तर जास्त बोलू नकोस. कारण लिहिलं नाही. ती मला चौदा वर्षं ओळखत होती, कारण विचारणारी नव्हती.

सासूबाई गेल्या आणि घरात मी, मुलगी आणि दिवसभराची शांतता उरली. डॉक्टरीण पहाटे जायची, दिवस मावळल्यावर यायची, कधी तीस-तीस तासांनी. आली की हात धुऊन मुलगी घ्यायची. आणि मुलगी, आता ती चार महिन्यांची झाली होती, मान वळवून मला शोधायची, ओठ काढायची. मी "जा गं आईकडे" म्हणायचे खरी, पण मला आत कुठंतरी बरं वाटायचं. तिथं माझं चुकलं. ते बरं वाटणं डॉक्टरणीला दिसत असणार, ती माणसांचे चेहरे वाचूनच पोट भरायची. एकदा तिनं विचारलं, "मावशी, तुमचा मुलगा लहान असताना तुम्ही कामावर जायचा का?" मी म्हटलं, बालवाडीत जायचे. "मग तो रडायचा?" मी म्हटलं, "सवय होते पोरांना." ती मुलीला घेऊन वर गेली. मला वाटलं, मी तिला धीर दिला.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी मुलीला न्हाऊ घालून स्वयंपाकघरात आले. डॉक्टरीण टेबलाशी बसली होती. तिच्यासमोर मिरजेहून आलेलं हवाई पत्र होतं, न फोडलेलं. वर इंग्रजी पत्ता आणि माझं नाव, चुकत-माकत गिरवलेल्या मोठ्या अक्षरांत. मुलाचं अक्षर.

"काल आलं," ती म्हणाली. "मी रात्रभर ड्यूटीवर याच लेटरचा विचार करत होते. मावशी, मला हे जमत नाही. मी माझं मूल तुमच्याकडे देऊन जाते आणि तुमचं मूल तिकडे दुसऱ्याच्या घरी. मी कोण आहे तुम्हाला त्याच्यापासून लांब ठेवणारी? माझ्या आईला व्हिसा मिळालाय, ती नागपूरहून येतेय. तुम्ही जा त्याच्याकडे. तिकीट आमच्याकडून."

मला वाटतं, तिला जे वाटत होतं ते खरंच वाटत होतं. आणि मुलगी आपल्याकडे वळावी असंही वाटत होतं. दोन्ही खरं असू शकतं.  मी मुलीला खांद्यावर घट्ट धरलं आणि म्हटलं, "मला मुलगा नाही."

"काय?"

"मला मूलच नाही. कधी झालं नाही. मूल नाही म्हणून आधीच्या घरी काम दिलं नाही, म्हणून मी खोटं बोलले. तो शेजारणीचा मुलगा आहे. बघ, वाचून बघ तूच." मी एका हातानं पत्र फोडलं आणि तिच्यापुढे सरकवलं. तिनं मोठ्यानं वाचलं, कारण मराठी अक्षरं तिला आता सावकाशच वाचता यायची.

"तीर्थरूप मावशीस शिरसाष्टांग नमस्कार. बूट मिळाले. थोडे मोठे होतात, पण आई म्हणते पुढे कापूस घाल. शाळेत सगळ्यांनी पाहिले. तू कधी येणार? आई म्हणते तुझी खोली दुसऱ्याला दिली, पण तू आमच्याकडे राहा."

मी म्हटलं, "बघ. मावशी म्हणतो. आई त्याची वेगळी आहे."

तिनं पत्र टेबलावर ठेवलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला कळलं, संपलं. "मावशी," ती म्हणाली, "तो तुम्हाला मावशी म्हणायला लागलाय. आणि त्या बाईला आई. तुम्हाला कळतंय का काय झालंय ते?"

"अगं, मी खरं सांगतेय."

"शू-स्टोअरमध्ये तुम्ही रडलात ते आईंनी मला सांगितलं. असं कोणी शेजारणीच्या मुलासाठी रडतं? मी तुमच्या भावाशीसुद्धा बोलले काल. म्हटलं, त्यांच्या मुलासाठी त्यांनी जायला हवं. ते म्हणाले, बरोबर आहे, आम्हीही तिला तेच सांगत होतो."

 भाऊ असं म्हणाला?

ती उठली, माझ्याजवळ आली, आणि रागानं नाही, अगदी हळू आवाजात म्हणाली, "जॉबसाठी पोटच्या मुलाला नाही म्हणू नका हो. प्लीज. नका म्हणू असं." आणि तिनं मुलगी माझ्या खांद्यावरून काढून घेतली. मुलगी रडायला लागली. डॉक्टरीण तिला घेऊन वर गेली आणि बराच वेळ ते रडणं वरून ऐकू येत होतं. मूल नाही हे माझ्याबद्दल सगळ्या जगाला माहीत होतं, ते मी पहिल्यांदा कोणी न विचारता माझ्या तोंडानं कबूल केलं होतं, आणि ते कोणी मानायला तयार नव्हतं. तिनं मानलं असतं तरी काय? खोटारडी म्हणून गेले असते. न मानल्यामुळे आई म्हणून गेले.

दुपारी भाऊ आला. डॉक्टरीण दारापर्यंत आली, मुलीला आणली नाही. झोपलीय म्हणाली. माझ्या हातात एक पिशवी दिली, त्यात मुलासाठी पॅन्ट, दोन टी-शर्ट आणि चॉकलेटं होती. मी ती घेतली. नाही म्हणण्यासारखं माझ्याजवळ काय राहिलं होतं?

भावानं बॅग डिकीत ठेवली. गाडी फ्रीवेला लागली. वहिनीच्या आई-वडिलांना मॉर्निंग वॉक फार आवडतो, असं त्यानं मध्येच सांगितलं. मी पिशवी मांडीवर धरून बसले होते.

मी म्हटलं, "ती मुलाचं बोलली तेव्हा तू काही बोलला नाहीस."

"नाही."

"मला मुलगा नाही, हे तुला माहीत आहे ना?"

त्यानं आरशात पाहिलं, इंडिकेटर लावला, लेन बदलली.

"ताई, आता तो विषय कशाला?" तो म्हणाला. "मंगळवारचं तिकीट मिळालंय. तुझ्यासाठी खिडकीची सीट मागून घेतलीय."